नदीपलीकडचं पत्र

नागपुरात थंडी पडते हे मला साताऱ्यात कुणी सांगितलं नव्हतं. नागपूर म्हणजे ऊन, एवढंच आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे डिसेंबरात निघताना मी एक पातळ शाल घेतली आणि स्टेशनवर उतरले तेव्हा दात वाजत होते. मला न्यायला आलेले पातुरकर मफलर गुंडाळून उभे होते. त्यांनी माझी पिशवी घेतली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःचा कोट काढून माझ्या हातात दिला. टांग्यात बसल्यावर पहिलं वाक्य बोलले ते हे की, तुमच्या पत्रानं इकडे लोकांना वेड लावलं आहे.

त्या पत्राबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा प्रवास त्याच्याच मागे मागे झाला.

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते आणि कथा लिहिते. गेल्या दिवाळीनंतर लढाईचे ढग जमू लागले, तेव्हा मुंबईच्या एका सरकारी कचेरीतून मला पत्र आलं. लोकांचा धीर टिकावा म्हणून लेखकांनी रेडिओसाठी लिहावं, असं त्यात होतं. सोबत एक चिठ्ठी. जवानाचं नाव धनराज, गाव उमरेड, वडील लहानूजी, धंदा विणकाम, पत्नीचं नाव वच्छला. एवढ्या सामग्रीवर मी एका संध्याकाळी धनराजनं वच्छलेला लिहिलेलं पत्र तयार केलं. बाबांच्या मागाचा आवाज मला इथे झोपेतसुद्धा ऐकू येतो, असं त्यात लिहिलं. 'काल आम्ही नदी ओलांडली' असंही लिहिलं. कोणती नदी ते मला माहीत नव्हतं, आणि लढाई तेव्हा सुरूही झालेली नव्हती. वर मी 'कल्पित पत्र' असा शब्द घातला होता. कचेरीनं कळवलं की त्या शब्दानं ऐकणाऱ्याचं मन ढिलं पडतं, हरकत नसेल तर काढावा. मी हरकत घेतली नाही. तो शब्द मी माझ्या हातानं खोडून कागद परत पाठवला.

लढाई पेटली त्याच आठवड्यात पत्र रेडिओवर दोनदा लागलं. मग मला नागपूरचं बोलावणं आलं. तिकडच्या जवानांच्या घरी जायचं, माणसांना बोलतं करायचं, टेपवर घ्यायचं आणि त्यावरून आणखी लिहायचं. मला आनंद झाला होता हे लपवत नाही. शाळेतल्या बाया मला स्टेशनवर सोडायला आल्या होत्या.

धरमपेठ

मुक्काम पातुरकरांच्याच घरी होता. धरमपेठेतलं दोन खोल्यांचं घर, खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, त्यामुळे दुपारीही दिवा लावावा लागे. पातुरकर त्या कचेरीचे नागपुरातले प्रतिनिधी, हुद्दा लहान आणि काम फार. त्यांच्या पत्नीनं आल्या आल्या माझ्यापुढे संत्र्यांची टोपली ठेवली. साताऱ्यात आम्ही एक संत्रं चौघांत वाटून खातो. इथे सोलून संपायच्या आत दुसरं हातात येतं.

भाषेनं मात्र माझी फजिती केली. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बाई, चहा पिऊन राहिल्या का?" मला वाटलं, मी चहा पिऊन इथेच राहणार का असं त्या विचारताहेत. मी घाईनं सांगितलं की नाही, चार दिवसांनी जायचं आहे. त्या बाहेर आल्या आणि दाराला धरून हसू लागल्या. माझा चहा चालू आहे की संपला, एवढंच त्यांना हवं होतं.

जेवायला त्यांनी गोळाभात केला होता. डाळीचे गोळे भातावर कुस्करून वर फोडणीचं गरम तेल घालतात. मी दुसऱ्यांदा वाढून घेत होते, तेव्हा वहिनींनी सहज विचारलं की धनराजचं पत्र मुळात तुमच्याकडे आलं कसं? मी पातुरकरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून जेवत होते. मी म्हटलं, कचेरीतून आलं. तसं पाहिलं तर चिठ्ठी कचेरीतूनच आली होती. पण दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं मी तसंच ठेवलं, आणि वहिनींना वाटलं मला गोळाभात आवडला नाही.

उमरेड

दुसऱ्या दिवशी जीपनं उमरेडला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून झालेली धानाची शेतं, मधूनच तळी, तळ्यांवर बगळे. आमच्याकडच्या डोंगरांची सवय झालेल्या डोळ्यांना इतकं सपाट रान पाहून प्रथम हायसं वाटतं आणि मग जरा उघडं पडल्यासारखं वाटू लागतं. पातुरकर वाटेत एकदाच बोलले. घरच्यांनी मूळ पत्र मागितलं तर कचेरीत आहे म्हणा, म्हणाले. मी विचारलं, त्यांना खरंच ठाऊक नाही? ते म्हणाले, "बाई, रेडिओवर लागलं म्हटल्यावर कोण काहून शंका घेईन?"

कोष्ट्यांच्या आळीत शिरलो की आधी आवाज येतो. प्रत्येक घरात जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून माणूस बसलेला आणि पुढे माग. लहानूजी दारातच उभे होते. साठीचा उंच माणूस, खांदे पुढे वाकलेले. ते माझ्या पायांना हात लावायला वाकले तेव्हा मी मागे सरले. ते म्हणाले की ज्या हातात माझ्या पोराचं पत्र आलं त्या हातांचे पाय का नाही धरायचे. बोलण्यात हात आणि पाय यांचा घोळ झाला होता, पण कुणी हसलं नाही.

हळूहळू मला जे कळलं ते असं. धनराजनं माग सोडून पलटणीत नाव घातलं, त्याला चार वर्षं झाली होती. बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. त्यानंतर घरात लहानूजींपुढे त्याचं नाव काढायची सोय नव्हती. पत्र आलं की सुनेनं ते मागच्या पडवीत जाऊन वाचायचं. सुट्टीवर आला तरी बाप मागावरून उठायचा नाही. आणि मग रेडिओवर ते पत्र लागलं. मागाचा आवाज झोपेत ऐकू येतो, हे वाक्य लहानूजींनी शेजारच्या दुकानात उभं राहून ऐकलं. दुसऱ्यांदा लागणार होतं तेव्हा ते तासभर आधी जाऊन बसले. सगळं त्यांनी टेपपुढे सांगितलं, न विचारता. पातुरकर खुशीनं मान डोलवत होते. मी मात्र टेपची फिरणारी चकती पाहत बसले होते.

जेवायचा आग्रह झाला. ज्वारीची भाकरी आणि पाटवड्यांचा रस्सा. तिखटाचा आम्हा सातारकरांना फार अभिमान. पण त्या रश्श्याचा पहिला भुरका घेतला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मला बोलताही येईना. लहानूजींना वाटलं, मला धनराजच्या आठवणीनं रडू आलं. त्यांनी आपला पंचा माझ्यापुढे केला आणि स्वतःही डोळे पुसले. खरं कारण मी सांगितलं नाही. त्या घरात मी खरं न सांगण्याची ही पहिली वेळ.

दुसरी लगेच आली. हात धुवायला मागच्या पडवीत गेले तेव्हा वच्छला पाणी घालायला आली. बावीस-तेवीस वर्षांची, सडसडीत, कमरेवर दोन वर्षांची मुलगी. मुलगी आहे हे मला तिथे कळलं. कचेरीच्या चिठ्ठीत मुलीचा उल्लेख नव्हता, म्हणून पत्रातही नव्हता. धनराज प्रत्येक पत्रात आधी मुलीची चौकशी करतो, असं ती म्हणाली. रेडिओच्या पत्रात मुलीचं नाव आलं नाही, तेव्हा तिनं आपली समजूत घातली होती की वेळ कमी असेल, कापलं असेल. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "बाई, त्या पत्रावर तारीख कोन्ती हाय?"

मी विचारलं, तारीख कशाला? तिनं सांगितलं की शेजारच्या गावचा एक जवान धनराजच्याच पलटणीत होता. चार दिवसांपूर्वी त्याच्या घरी तार आली. नदी ओलांडताना तो गेला. तिला दिवाळीनंतर नवऱ्याचं एकही पत्र नव्हतं.

"मले बाकी काही नाही पाह्यजे," ती म्हणाली. "ते पत्र त्याच नदीच्या पलीकडचं हाय, एवढं तुमी तारीख पाहून सांगा. पलीकडचं असन तं ते जिवंत हायेत."

पाणी माझ्या हातावरून वाहून गेलं होतं तरी ती तांब्या तसाच धरून होती. मी म्हटलं, पत्र कचेरीत आहे, पाहून कळवते.

परतताना मी पातुरकरांना सांगितलं की हे मला झेपायचं नाही, उद्या येऊन खरं सांगते. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमी सांगसान, मन हलकं करसान आन् साताऱ्याले जासान. इथं शंभर घरांत खरी पत्रं येऊन राहिली. उद्यापासून लोकं त्याहीले खोटी म्हनतीन. मंग त्या बायांनी कशाच्या भरवशावर राहावं?"  

रामटेक

पुढचा कार्यक्रम रामटेकला होता. खरं तर तिथे जायची मला किती हौस होती. गडावरचं देऊळ, खालचं तळं, सगळीकडे पसरलेली धानाची खाचरं, हे सगळं मी पाहिलं, पण काचेपलीकडून पाहावं तसं. पायऱ्यांवर माकडानं माझ्या हातातली केळी हिसकावली तेव्हाच काय ती भानावर आले. पातुरकर मला देवळाचा कळस दाखवत होते आणि मी मनात वच्छलेला सांगायची वाक्यं जुळवत होते. एकही पुरं होत नव्हतं.

गडाखाली शाळेच्या पटांगणात सभा होती. एका विद्यार्थिनीनं धनराजचं पत्र वाचून दाखवलं, वाचून कसलं, पाठच म्हटलं. 'काल आम्ही नदी ओलांडली' या वाक्यावर टाळ्या पडल्या. ते वाक्य लिहिताना मी खिडकीतून आमच्या वाड्यातली धुणं वाळत घातलेली दोरी पाहत होते, हे मला तिथे आठवलं, आणि मी मान वर करू शकले नाही.

भाषण मी कसंबसं उरकलं. खाली उतरले तर एका शेतकरी घरच्या म्हाताऱ्या बाईनं मला अडवलं. तिचा मुलगाही आघाडीवर होता. ती अगदी विश्वासानं विचारत होती, "माह्या पोराचं पत्र कधी लागन वं माय, रेडिओवर?" तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरी पत्र आलं नव्हतं. रेडिओवर लागलं की मुलगा सुखरूप, असा तिनं हिशेब घातला होता, आणि तो हिशेब तिला मी शिकवला होता. मी तिच्या मुलाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. ते लिहून घेतल्यासारखं करून मी वहीत रेघोट्या ओढल्या. माझ्या आयुष्यात मी केलेल्या गोष्टींपैकी त्या रेघोट्यांची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

आम्ही निघालो तेव्हा गावात गडबड उडाली. लढाई संपल्याची बातमी आली होती. दुकानदार रस्त्यात येऊन पेढे वाटत होते, कुणी गुलाल आणला होता. पातुरकरांनी जीप थांबवून पेढे घेतले आणि गहिवरून माझ्या हातावर ठेवले. मलाही आनंद झाला, का नाही होणार? पण माझ्या डोक्यात एकच आलं. आता पत्रं येतील. ज्यांना यायची त्यांना येतील.

पुन्हा उमरेड

दुसऱ्या दिवशी माझी संध्याकाळची गाडी होती. सकाळी मी वहिनींना सांगितलं की उमरेडला जाऊन येते. त्यांनी कारण विचारलं नाही, स्टँडवर सोडायला मात्र आल्या आणि खिडकीतून एक लोकरीचं पातळ पांघरूण आत सारलं. पातुरकर घरातच राहिले. ते मला अडवू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही.

लहानूजी मला पाहून मागावरून उठले. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले की तुम्ही आलात, बरं झालं, मला पोराला पत्र लिहून द्या. सून चौथी शिकलेली, तिला लिहिता येतं, पण तिच्यापुढे हे बोलायची त्यांना लाज वाटत होती.  मी वही काढली. ते खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत सोडून, आणि मागाकडे पाहत बोलू लागले. मी त्यांचा एकही शब्द बदलला नाही, म्हणून इथेही तसाच देते.

"तुह्यं पत्र ऐकलं. दोनदा ऐकलं. चार साल मी तुह्याशी बोललो नाही, ते माह्यं चुकलं. तू मागावर नोको बसू. तुले नाही आवडत तं नोको बसू. मी आहो तोपर्यंत मी विनीन, मंग बंद पडला तं पडू दे. तू फक्त घरी ये. मी वाट पाहून राहिलो."

बस, एवढंच. वर फौजी टपालाचा पत्ता घातला, त्यांनी अंगठा उठवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालण्याची मला हौस. पण माणूस असं पत्र लिहितो हे मला ठाऊक नव्हतं.

मग मी पडवीत गेले. वच्छला तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. फिरवून सांगितलं नाही, कारण एकदा फिरवायला लागले असते तर पोचलेच नसते. ते पत्र धनराजनं लिहिलेलं नाही, मी लिहिलं. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. तारीख नाही, कारण पत्रच नाही.

ती निवडतच राहिली. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "मंग नदीचं?"

"तेही मीच लिहिलं."

तिचे हात थांबले. ती ओरडली नाही. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आठ दिवस झाले, मी दोनी वेळा जेवून राहिली. त्याच्या आधी घास नव्हता जात."

मी माफी मागितली. तिनं ती ऐकली की नाही मला सांगता यायचं नाही. मुलगी सुपातले तांदूळ मुठीनं उचलत होती, तिचा हात बाजूला करून ती उठली आणि माग चालू आहे ना, याचा कानोसा घेतला. चालू होता. "मामाजीले सांगू नोका," ती सासऱ्यांच्या मागाकडे पाहत म्हणाली. "सांगाचं तं मी सांगीन. तुमी आता जा बाई."

मी गेले. लहानूजी स्टँडपर्यंत पोचवायला आले. वाटेत भेटेल त्याला ते सांगत होते की ह्या बाईंनी माझं पत्र लिहून दिलं. उमरेडच्या पोस्टाच्या पेटीत ते त्यांनी स्वतःच्या हातानं टाकलं आणि पेटीत हात घालून ते आत पडलं ना, हे पाहिलं.

घरी आल्यावर

साताऱ्याला परतल्यावर मी कचेरीला लिहिलं की ते पत्र कल्पित होतं असं रेडिओवरून सांगावं. उत्तरात माझे आभार मानले होते आणि विजयानिमित्त आणखी दोन पत्रं मागवली होती. मी ती लिहिली नाहीत. पातुरकरांना एकदा लिहिलं, त्यांनी वहिनींच्या नावानं संत्री पाठवली, पत्र नाही. रोज टपाल यायच्या वेळेला मी वर्गात असले तरी माझं लक्ष फाटकाकडे असे. महिना गेला, दुसरा गेला. उमरेडला विचारण्याचं धाडस झालं नाही. काय उत्तर येईल याची भीती होतीच. आणि ते उत्तर वच्छलेनं लिहावं, असा माझा काय अधिकार?

होळीच्या सुमाराला एक कार्ड आलं. अक्षर अनोळखी, ओळी वर चढत गेलेल्या. खाली नाव होतं धनराजचं.

तो जिवंत होता. लढाईच्या पहिल्याच दिवशी पायाला लागलं होतं. नदीपर्यंत तो पोचलाच नव्हता. ज्या दिवशी 'काल आम्ही नदी ओलांडली' हे वाक्य रेडिओवर लागलं, त्या दिवशी तो दवाखान्यात होता. तिथून त्यानं घरी लिहायला सांगितलेलं कार्ड फार उशिरा पोचलं. वडिलांचं पत्र मात्र हिंडत हिंडत त्याला खाटेवर मिळालं. आपण कोणतं पत्र लिहिलं आणि वडील कशाला उत्तर देताहेत, हे त्याला समजेना. घरी आल्यावर वच्छलेनं सांगितलं. एक पाय गुडघ्याखाली नाही, हे त्यानं तिसऱ्या ओळीत, स्वल्पविराम देऊन लिहिलं होतं.

शेवटच्या ओळी अशा होत्या: "वडिलांस काही सांगितले नाही. ते रोज मला जवळ बसवून तुझे पत्र पुन्हा म्हणून दाखव म्हणतात. मला ते येत नाही. विसरलो म्हणतो, पण किती दिवस म्हणणार. तरी त्याची नक्कल पाठवावी, म्हणजे मी पाठ करून ठेवीन. यापुढे माझ्या नावाने काही लिहू नये ही विनंती."

मी त्याच दिवशी माझ्याजवळच्या कच्च्या प्रतीवरून नक्कल करायला बसले. प्रत्येक वाक्य खटकत होतं. मागाच्या आवाजाचं तर इतकं खटकलं की लेखणी खाली ठेवून मी बाहेर जाऊन आले. नदीचं वाक्य गाळावं असं फार वाटलं. पण लहानूजींनी ते दोनदा ऐकलं होतं, त्यांच्या लक्षात असणार. म्हणून एक अक्षरही न बदलता सगळं उतरवलं, पाकिटात घातलं आणि टाकून आले.

त्याला आता दीड महिना झाला. पोच आलेली नाही. ती यावी असं मला वाटतं की नाही, हेही मला नीट सांगता येत नाही.